फोल्डिंग सायकलला ई-किट बसवलंय, दोन किलोच्या आतली बॅटरी कोणती घ्यावी? (सोलापूर)

घडीची_सायकल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सायकल २० इंची चाकांची, घडीची. पुढच्या चाकात ३६ व्होल्ट, २५० वॅटची गिअरवाली हब मोटर. कंट्रोलरवर (बॅटरीतून मोटरला वीज मोजून देणारा डबा) छापलंय: ३६ व्होल्ट, १५ अँपिअर, कटऑफ ३१ व्होल्ट (त्याखाली मोटर बंद). रोजचं जाणं-येणं जुळे सोलापूर ते स्टेशन, नवी पेठेचा वळसा धरून दिवसाला १४ किमी. अधूनमधून हुतात्मा एक्सप्रेसने पुणे, तेव्हा सायकल सोबत.

किटबरोबर जो बॅटरीचा डबा देतात तो साडेतीन किलोचा, आणि कॅरिअरला लावला की सायकलची घडीच बसत नाही. मला दोन किलोच्या आतली, एका हाताने काढून पिशवीत टाकता येईल अशी हवी. डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत: १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सेलची १०एस२पी (दहा टप्पे सिरीजमध्ये, प्रत्येक टप्प्यात दोन सेल समांतर), लिथियम फॉस्फेट, नाहीतर ड्रिल मशीनच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. रेंज जाहिरातीतली नको, आपल्या रस्त्यावरची सांगा.

मिलिओम

आधी एएच (अँपिअर-अवर) बाजूला ठेवा, वॅट-अवर धरा. व्होल्ट गुणिले एएच, एवढंच.

माणूस, सायकल, दप्तर मिळून १०० किलो समजू. सपाट रस्ता, वारा पडलेला, वेग ताशी २०, पेडल अजिबात नाही. टायरचा विरोध ८ न्यूटन, हवेचा ११. एकूण १९ न्यूटन गुणिले ५.५५ मीटर प्रतिसेकंद म्हणजे चाकाला १०५ वॅट. मोटर आणि कंट्रोलर मिळून ७५ ते ८० टक्केच पुढे पोचवतात, त्यामुळे बॅटरीतून १३५ च्या आसपास जातात. २० ने भागा: किलोमीटरला पावणेसात वॅट-अवर.

आता चौक. १०० किलो वजन शून्यावरून ताशी २० ला न्यायला ०.४३ वॅट-अवर लागतात, पण कमी वेगाला मोटर निम्मी वीज तापण्यातच घालवते, म्हणून बॅटरीतून पाऊण जातो. सात रस्ता ते पार्क चौक पट्ट्यात किलोमीटरला तीनदा थांबलात तर सव्वादोन वाढले. म्हणजे थ्रॉटलवर ९ धरा. पेडल मारत गेलात तर ५ ते ६. पावसाळ्यात समोरून ताशी १५ चा वारा असेल तर याच सपाट रस्त्याला १५ लागतात, तो हिशोब विसरू नका.

१४ किमी गुणिले ९ बरोबर १२६. बॅटरी रोज पूर्ण पिळायची नाही, ८० टक्केच वापरायची, म्हणून १५७. दोन-तीन वर्षांत क्षमता पाचव्या हिश्शाने घटेल ती धरून २००. तुम्हाला २०० ते २५० वॅट-अवर पुरे. साडेतीनशेच्या पॅकची गरज नाही.

पण लहान बॅटरीची खरी अडचण क्षमतेत नसते, करंटमध्ये असते. ते सविस्तर लिहितो, थोडा वेळ द्या.

तारवाला

मिलिओमसाहेब सवडीने लिहितीलच, तोवर वजनं देऊन ठेवतो. पूर्ण पॅकची वजनं बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट), पट्ट्या, वायर, आवरण धरून अंदाजे आहेत.

१०एस२पी, १८६५०, ३.५ एएचचे सेल (सॅमसंग ३५ई, एलजी एमजे१ या जातीचे): २० सेल, ३६ व्होल्ट ७ एएच, २५२ वॅट-अवर. नुसते सेल ९८० ग्रॅम, पॅक सव्वा ते दीड किलो.

१०एस२पी, २१७००, ५ एएचचे सेल (सॅमसंग ५०ई): २० सेल, १० एएच, ३६० वॅट-अवर. सेल १.४ किलो, पॅक पावणेदोन.

१०एस१पी, २१७००, जास्त करंटचे सेल (मोलिसेल पी४२ए): फक्त १० सेल, ४.२ एएच, १५१ वॅट-अवर. पॅक ९०० ग्रॅम.

१२एस१पी लिथियम फॉस्फेट, ३२७०० सेल ६ एएच: १२ सेल, ३८.४ व्होल्ट, २३० वॅट-अवर. सेलच १.७ किलो, पॅक २.१ च्या पुढे. फॉस्फेट घ्यायचीच तर १२एस घ्या. त्याचं फुल चार्ज ४३.८ व्होल्ट, ३६ चा कंट्रोलर ते आरामात सोसतो. चार्जर मात्र ४३.८ चाच हवा, ४२ चा लावला तर पॅक वरपर्यंत भरणार नाही आणि बॅलन्सिंग (सगळे सेल एकसारखे भरणं) सुरूच होणार नाही.

लेड ॲसिडच्या १२ व्होल्ट ७ एएचच्या तीन, म्हणजे साडेसहा-सात किलो, आणि १० अँपिअर ओढले की ७ एएचमधले चार-साडेचारच हाती लागतात. विषय संपला.

मिलिओम

तारवालांच्या यादीतली पहिली ओळ बघा. ३५ईची सततच्या करंटची मर्यादा ८ अँपिअर. २पी म्हणजे १६. कंट्रोलर १५ चा. कागदावर बसतं. प्रत्यक्षात काय होतं ते असं:

एका सेलचा डीसी अंतर्गत रोध साधारण ३५ मिलिओम. दोन समांतर, दहा सिरीजमध्ये: १७५ मिलिओम. पट्ट्या, बीएमएसचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे स्विच), वायर, कनेक्टर धरून २०० म्हणा. १५ अँपिअर ओढले की ३ व्होल्ट जागेवर पडतात. २० टक्के चार्ज उरलेला असताना पॅक विसाव्याला साडेचौतीस व्होल्ट दाखवतो. आसरा पुलाच्या चढाला लागलात, १५ अँपिअर गेले, व्होल्टेज साडेएकतीस. तुमचा कटऑफ ३१. अजून थोडं उतरलं की मोटर मध्येच बंद, आणि पूल उतरून सपाटीला आलात की परत चालू. लोक म्हणतात कंट्रोलर खराब आहे, बीएमएस बदला. तसं काही नसतं. बॅटरीत वीज आहे, ती त्या वेगाने बाहेर येत नाही.

दुसरं, त्याच वेळी सेलमध्ये १५ चा वर्ग गुणिले ०.१७५ म्हणजे जवळपास ४० वॅट उष्णता तयार होते. दीड किलोच्या, श्रिंक स्लीव्हमध्ये गुंडाळलेल्या गठ्ठ्यात ४० वॅट. डिसेंबरात चालून जाईल, मे महिन्यात नाही.

उपाय बॅटरी मोठी करणं नाही. कंट्रोलरचा करंट १० वर आणा. उष्णता ४० वरून साडेसतरा वॅटवर येते, ड्रॉप ३ वरून २ व्होल्ट. १० अँपिअर गुणिले ३६ म्हणजे ३६० वॅट इनपुट उरतोच. ४ टक्के चढाला ताशी १५ ने १०० किलो न्यायला चाकाशी २२० वॅट लागतात, मोटर त्या वेगाला ६५ टक्के कार्यक्षम धरली तर बॅटरीतून ३४०. बसतं, पेडल न मारताही.

नवी_पेठ_पायडल

करंट १० वर आणायचा कसा? कंट्रोलर उघडून शंटवर (करंट मोजणारी जाड तार) काही करायचं का? यूट्यूबवर शंटला शिसं लावतात ते बघितलंय.

मिलिओम

शंटला शिसं लावलं की करंट वाढतो, कमी होत नाही. तिकडे जाऊच नका.

डिस्प्ले कोणता आहे त्यावर ठरतं. केटी कंट्रोलर आणि केटी-एलसीडी३ असेल तर सी५ सेटिंग. १० म्हणजे पूर्ण करंट, ४ केलं की दीडने भागला जातो, १५ चे १० होतात. एस८६६ डिस्प्ले असेल तर पी१४ मध्ये थेट अँपिअर टाकायचे. डिस्प्लेच नसेल, नुसता थ्रॉटल असेल, तर कमी करंटचा कंट्रोलर घ्या. नव्या बॅटरीपेक्षा तो स्वस्त पडतो.

आणि सेटिंगमध्ये शिरलाच आहात तर वेगाला हात लावू नका. २५० वॅटच्या आत, ताशी २५ च्या आत आणि बॅटरी सोडून ६० किलोच्या आत असेपर्यंतच ही सायकल कायद्याने मोटार वाहनात धरत नाहीत.

ड्रिलवाला

तिसऱ्या पर्यायाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. १८ व्होल्टची टूल बॅटरी म्हणजे आत ५एस. दोन सिरीजमध्ये लावल्या की बरोबर १०एस. ५ एएचच्या दोन घेतल्या तर १८० वॅट-अवर, वजन मिळून सव्वा किलोच्या आसपास. सेल जास्त करंटचे, १५ अँपिअरला घाम फुटत नाही. आवरण टणक, चार्जर फास्ट, आणि एक बिघडली तर एकच बदलायची. विमानाने जायचं असेल तर प्रत्येक बॅटरी ९० वॅट-अवरची, म्हणजे १०० च्या मर्यादेच्या आत, केबिन बॅगेत नेता येते. १०० ते १६० मधली असेल तर एअरलाइनची परवानगी लागते आणि १६० च्या वरची प्रवाशाला नेताच येत नाही. २५२ वॅट-अवरचा पॅक घरी ठेवूनच विमानात बसावं लागेल.

आता तोटा. बऱ्याच टूल बॅटऱ्यांत व्होल्टेज कटऑफ बॅटरीत नसतो, मशीनमध्ये असतो. तुमचं मशीन इथे सायकलचा कंट्रोलर. तो दोघींची बेरीज बघतो: ३१ व्होल्ट. एक बॅटरी १७.५ वर आणि दुसरी १३.५ वर असली तरी बेरीज ३१ च. १३.५ म्हणजे सेलला २.७, आणि तिथून पुढे ती घसरते ती झपाट्याने. म्हणून दोन्ही एकाच वयाच्या, एकाच एएचच्या, दोन्ही फुल चार्ज करूनच लावायच्या. एक ड्रिलला वापरली, दुसरी सायकलला, मग दोन्ही परत जोडल्या, हा उद्योग बंद. प्रत्येकीला वेगळा छोटा व्होल्टेज अलार्म लावला तर उत्तम.

ॲडाप्टर प्लेट घेताना आतली पाती बघा. पातळ पत्र्याची असली तर खड्ड्यात संपर्क तुटतो आणि ठिणगीने पाती काळी पडते.

कंबरतलाव_फेरी

फॉस्फेटची बाजू कोणी घेत नाही म्हणून मी घेतो. सोलापूरचा मे महिना, ४२-४३ डिग्री. फॉस्फेट उष्णतेला जास्त स्थिर, चार्जिंगची चक्रं २००० च्या पुढे. एनएमसीची (साध्या लिथियम-आयन सेलची) ५०० च्या आसपास. सातशे ग्रॅमसाठी एवढं काय रडायचं?

मिलिओम

@कंबरतलाव_फेरी, स्थिरतेचा मुद्दा मान्य. घरात लहान मुलं असतील आणि चार्जिंग बेडरूमशिवाय कुठे शक्य नसेल तर मीही फॉस्फेटच सांगेन.

पण ५०० विरुद्ध २००० हा हिशोब इथे लागू होत नाही. रोज १२६ वॅट-अवर म्हणजे २५२ च्या पॅकचं अर्धं चक्र. ५०० चक्रं संपायला हजार दिवस. रविवार-सुट्ट्या धरून साडेतीन वर्षं गेली. तोवर उन्हाने आणि फुल चार्ज ठेवून दिल्याने बॅटरी जितकी म्हातारी होते तितकी वापराने होत नाही. फॉस्फेटची उरलेली दीड हजार चक्रं कागदावरच राहणार. शिवाय ज्या माणसाला पुणे स्टेशनचा जिना चढायचाय त्याला सातशे ग्रॅम कळतात.

उन्हाचं मात्र नीट ऐका. डिस्चार्जला ६० डिग्रीपर्यंत चालतं, चार्जिंगला सेलचं तापमान ४५ च्या आत हवं. मे महिन्यात दुपारी काळ्या पिशवीत, उन्हात उभी केलेली बॅटरी ५० च्या पुढे सहज जाते. ऑफिसात पोचल्या पोचल्या चार्जिंगला लावली की तिचं आयुष्य तिथेच कातरलं. तासभर सावलीत, फरशीवर ठेवा, हाताला कोमट लागेनाशी झाली की मग लावा. पहाटे चार्ज करणं सगळ्यात चांगलं. आणि रोज ४२ व्होल्टला भरायची गरज नाही. ४१ ला थांबवता आलं तर थांबवा, दहा टक्के रेंज जाते पण सेल बराच जास्त टिकतो. महिन्यातून एकदा ४२ पर्यंत नेऊन तासभर तसंच सोडा. बीएमएसचा बॅलन्स करंट जेमतेम ३० ते ६० मिलिअँपिअर असतो आणि तो शेवटच्या टोकालाच सुरू होतो. गावाला जाताना ३७ व्होल्टच्या आसपास ठेवून जा.

आणि हो, चार्जिंग चालू असताना बॅटरी चादरीखाली, गादीवर नको. सोलापुरी चादर कितीही लाडकी असली तरी.

तारवाला

पॅक स्थानिक कारागिराकडून बांधून घेणार असाल तर समोर बसून पुढच्या गोष्टी बघा. ‘सगळं ओरिजिनल आहे’ यावर समाधान मानू नका.

सेल. स्लीव्ह चढवण्याआधी सेलचा काटा करा. ३.५ एएचचा खरा १८६५० साधारण ४८-४९ ग्रॅम भरतो. ४० च्या आत भरला तर लेबल काहीही म्हणो, परत द्या. ९९०० एमएएच असं छापलेला १८६५० जगात नाही. लॅपटॉपमधून काढलेल्या सेलवर नवं आवरण चढवून विकतात, त्याची खूण टोकाला: खरडून काढलेल्या जुन्या वेल्डचे बारीक ठिपके दिसतात. अंतर्गत रोधाचा मीटर असेल तर नवे सेल २० ते ३५ मिलिओममध्ये आणि एकमेकांशी दोन-तीन मिलिओमच्या फरकात हवेत. जोडण्याआधी व्होल्टेज ०.०२ च्या फरकात.

बार्ली पेपर (वीज न जाऊ देणारा जाड कागद). प्रत्येक सेलच्या पॉझिटिव्ह टोकाला रिंग लावलीच पाहिजे. तिथे पॉझिटिव्ह बटण आणि निगेटिव्ह कवच यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर जागा असते, मध्ये फक्त सेलचं पातळ प्लॅस्टिक. वरून निकेलची पट्टी दाबून बसली आणि खड्ड्यांनी घासत राहिली की सहा महिन्यांत प्लॅस्टिक फाटतं. पुढे काय होतं ते सांगायला नको.

पट्टी. शुद्ध निकेल, ०.१५ बाय ८ मिमी. सिरीजच्या प्रत्येक टप्प्याला २पी मध्ये दोन पट्ट्या, म्हणजे एका पट्टीवर ५ ते ७ अँपिअर. मुख्य प्लस-मायनसला दुहेरी थर. निकेल चढवलेली लोखंडी पट्टी ओळखायची तर तुकडा कानशीने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी तांबडी झाली तर लोखंड. चुंबकाने कळत नाही, निकेललाही चुंबक चिकटतो.

बॅलन्स वायरी. सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. अकरा बारीक वायरी उघड्या निकेलवरून आडव्या नेतात आणि वरून स्लीव्ह ओढतात. निकेलची कड ब्लेडसारखी असते, वायरचं रबर कापून थेट शॉर्ट होतो, आणि बॅलन्स वायरीला बहुतेक बीएमएसमध्ये फ्यूज नसतो. आधी पूर्ण पॅकवर कॅप्टॉन टेप (उष्णतेला टिकणारी), त्यावर बार्ली पेपरचा एक थर, मग वायरी, त्याही सेलच्या मधल्या खाचेतून. ग्लू गनने चिकटवू देऊ नका, उन्हात तो मऊ पडतो. न्यूट्रल सिलिकॉन वापरायला सांगा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन निकेल आणि सर्किट खातं.

बीएमएस १०एस, २० अँपिअर, तापमान सेन्सरसह. सेन्सर पॅकच्या मध्यभागी, दोन सेलच्या फटीत. बाहेर लोंबकळत असेल तर तो फक्त पिशवीचं तापमान सांगतो.

हिप्परगा_वारा

बॅटरी कुठे बसवणार हेही आत्ताच ठरवा. घडीच्या सायकलला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मधल्या बिजागरीतून जाणारी वायर. घडी घालताना ती पाट्यात चिमटते, वरून काही दिसत नाही, आतून तार तुटत राहते.

तुमची मोटर पुढे आहे ही चांगली गोष्ट. बॅटरी आणि कंट्रोलर दोन्ही हँडलच्या खालच्या पिशवीत ठेवले तर मधल्या बिजागरीतून जाडी वायर जातच नाही, फक्त पेडल सेन्सरची बारीक वायर जाते. हँडलच्या बिजागरीपाशी ब्रेक केबलइतकाच ढिला वळसा ठेवा. पिशवी हँडलला नाही, हेडट्यूबला बसवलेल्या क्लिपला लावा. हँडलला दोन किलो लटकले की वळताना सायकल ओढते.

कोणी सीटपोस्टमध्ये सेल भरायचं सुचवेल, म्हणून आधीच सांगतो: ३३.९ मिमीच्या सीटपोस्टमध्ये १८६५० एका ओळीत जातात, पण दहा सेल म्हणजे ६५ सेंटिमीटर आणि पोस्ट ५८ च्या आसपास. फार तर आठ बसतात, म्हणजे २९ व्होल्टही नाही. तुमच्या मोटरला उपयोग नाही.

घडीची_सायकल (धागाकर्ता)

लै भारी माहिती, सगळ्यांचे आभार. डिस्प्ले एस८६६ निघाला, पी१४ मध्ये १० टाकतो. पॅक १०एस२पी, ३.५ एएच सेल, हेडट्यूबच्या पिशवीत. बीएमएस, बार्ली पेपर, सगळं तारवालांच्या यादीप्रमाणे. कनेक्टर एक्सटी६०, फ्यूज गाडीतला २० अँपिअरचा ब्लेड, चार्जर ४२ व्होल्ट २ अँपिअर. काही राहिलं?

तारवाला

फ्यूज बदला. गाडीतला साधा ब्लेड फ्यूज ३२ व्होल्टचा असतो. ४२ व्होल्टला तो वितळला तरी आतली ठिणगी टिकून राहू शकते. ५८ व्होल्टचा मागा, आणि बसवा तो पॅकच्या प्लसला अगदी लागून, पिशवीच्या तोंडाशी नाही.

एक्सटी६० ची फिमेल बाजू बॅटरीला, म्हणजे पिशवीत किल्ल्या-नाणी लागली तरी काही होणार नाही. जोडताना ठिणगी उडेल, ती कंट्रोलरच्या कपॅसिटरची. रोज काढ-घाल होणार असेल तर एक्सटी९० चा अँटी-स्पार्क प्रकार घ्या, नाहीतर वर्षभरात पिना खडबडीत होतात.

घडीची_सायकल (धागाकर्ता)

आणि चार्जर? घरात ४८ व्होल्टच्या स्कूटरचा एक पडून आहे, पिन तशीच आहे.

मिलिओम

तो ५४ व्होल्टच्या पुढचा असणार. बीएमएसने अडवला तर नशीब. बीएमएसचे चार्जिंग मॉसफेट शॉर्ट असतील तर तुमच्या सेलला ५.४ व्होल्ट लागले. पॅकला वेगळ्या प्रकारची पिन लावून घ्या, म्हणजे घरात कोणी घाईत तो चार्जर उचलला तरी आत जाणारच नाही. ४२ व्होल्ट २ अँपिअरचा तुमचा चार्जर बरोबर आहे, रिकामा पॅक चार तासांत भरेल.